दुतोंड्या मारुती (नाशिक)

दुतोंड्या मारुती ही नाशिक शहरात गोदावरी नदीच्या पात्रात, रामकुंडाच्या खालच्या अंगाला उघड्यावर उभी असलेली हनुमानाची मूर्ती आहे. विरुद्ध दिशांना पाहणाऱ्या दोन मुखांमुळे तिला हे नाव मिळाले. पंचवटीतील काळाराम, कपालेश्वर किंवा नारोशंकर या देवळांच्या तुलनेत तीर्थस्थान म्हणून या मूर्तीचे महत्त्व बेताचेच आहे. तरीही पावसाळ्यात नाशिकच्या वृत्तपत्रांत तिच्याइतका उल्लेख दुसऱ्या कोणत्याही देवतेचा येत नाही. गोदावरीला किती पूर आला आहे, हे नाशिककर पिढ्यानपिढ्या या मूर्तीवरून सांगत आले आहेत. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कंबरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले आणि शेवटी मारुती बुडाला, अशी ही लोकमान्य मोजपट्टी आहे.

ही मोजपट्टी नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हा प्रश्न शहराच्या वाढीबरोबर महत्त्वाचा होत गेला आहे. १९०१ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या २१,४९० होती; २०११ मध्ये महानगरपालिका हद्दीतील लोकसंख्या १४,८६,०५३ झाली. मूर्ती जागची हललेली नाही. तिच्या भोवतीचे पात्र, काठ, नाले आणि वरच्या अंगाची धरणे मात्र पूर्वीची राहिलेली नाहीत.

स्थान आणि परिसर

त्र्यंबकेश्वराजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सुमारे तीस किलोमीटरचा प्रवास करून नाशिकला येते. नाशिककर तिला बोलताना क्वचितच गोदावरी म्हणतात. त्यांच्या लेखी ती गंगा असते. नदीकाठ म्हणजे गंगाघाट, नदीवर जाणे म्हणजे ‘गंगेवर’ जाणे आणि पूर येतो तोही गंगेलाच. अहिल्यादेवी होळकर पूल (पूर्वीचा व्हिक्टोरिया पूल) ओलांडल्यावर नदी कुंडांच्या प्रदेशात शिरते. रामकुंड, सीताकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, अहिल्यादेवी कुंड अशी दगडी बांधणीची कुंडे येथे एकापाठोपाठ एक आहेत. त्यांतील रामकुंडाचे बांधकाम १६९६ मध्ये चित्रराव खटावकर यांनी केले आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली, असे सांगितले जाते. कुंडांच्या दरम्यान दगडी सांडवे असून पाणी ओसरले की त्यांवरून पायी पलीकडे जाता येते. दुतोंड्या मारुती याच पट्ट्यात आहे.

वर्षातील बहुतेक दिवस या पट्ट्याला नदीचे पात्र म्हणणेही कठीण वाटावे, इतका तो शहराच्या वापरात असतो. रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रिया विधी चालतात. बुधवारी आठवडे बाजार भरतो. फुले, पूजासाहित्य, भाजी, चहा यांची दुकाने व टपऱ्या असतात, यात्रेकरूंची वाहने उभी असतात. मूर्तीच्या पायाशी कोरड्या फरशीवर मुले खेळत असतात. पाणी चढू लागले की हा सारा संसार काही तासांत उचलावा लागतो. त्यामुळे ‘मारुतीच्या पायाला पाणी लागले’ हे वाक्य येथील विक्रेत्यांसाठी कुतूहलाचा विषय नसून सामान हलवण्याची सूचना असते.

नाशिक परिसरात मारुतीची स्थाने पुष्कळ आहेत. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरी हे परंपरेने हनुमानाचे जन्मस्थान मानले जाते, तर नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावरील टाकळी येथे समर्थ रामदासांच्या तपश्चर्येशी जोडलेला गोमय मारुती आहे. या सर्वांत पात्रात उभा राहून पूर अंगावर घेणारा म्हणून दुतोंड्याचे वेगळेपण आहे.

पुराची जुनी मापे

पूर मोजण्यासाठी ओळखीच्या वास्तूंचा उपयोग करण्याची रीत नाशिकमध्ये जुनी आहे. उजव्या काठावर, सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाड्याच्या पायऱ्या हे असे एक माप होते. किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या यावरून पुराची तुलना केली जाई. डाव्या काठावर नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेले रामेश्वराचे देऊळ आहे. लोक त्याला नारोशंकराचे देऊळ म्हणतात. या देवळाच्या नदीकडील दर्शनी भिंतीवर एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला, त्या विजयाची खूण म्हणून ती प्रसिद्ध आहे. पाणी या घंटेला लागले म्हणजे महापूर, असा संकेत आहे.

या तीन मापांची उंची एकसारखी नाही, आणि त्यातच त्यांची सोय आहे. मारुती खाली पात्रात आहे, म्हणून लहान-मध्यम पुराचे चढउतार त्याच्यावर दिसतात. सरकारवाडा वस्तीच्या कडेला आहे. त्याच्या पायऱ्यांना पाणी लागणे याचा अर्थ नदी बाजारात शिरली. घंटेची पातळी क्वचितच गाठली जाते. कोणीही आखलेली नसताना लहान, मोठ्या आणि असाधारण पुरांसाठी तीन वेगवेगळ्या पट्ट्या अशा रीतीने शहराला मिळाल्या.

त्यांतील मारुतीची पट्टी सर्वाधिक टिकली, याचे एक साधे कारण ती मानवी देहाची आहे, हे असावे. पूर अमुक मीटरचा आहे असे सांगितले तर ऐकणाऱ्याला संदर्भ लागतो. छातीएवढे पाणी म्हणजे काय, हे मात्र प्रत्येकाला स्वतःच्या छातीवरून कळते.

पूर कोठून येतो

नाशिक शहरात पाऊस फार पडत नाही. वार्षिक सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या बाजूला सरकावे तसा पाऊस झपाट्याने वाढतो. त्र्यंबकेश्वर परिसरात तो शहराच्या कित्येक पट असतो आणि इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. परिणामी शहरात जेमतेम रिमझिम असताना गोदावरीला पूर येणे, हा नाशिकचा नेहमीचा अनुभव आहे. छत्री न घेता पूर पाहायला गेलेली गर्दी येथे नवलाची नाही.

त्र्यंबककडून येणारे पाणी शहराच्या पश्चिमेस गंगापूर धरणात अडते. हे मातीचे धरण स्वातंत्र्याच्या सुमारास हाती घेण्यात आले आणि १९६५ मध्ये पूर्ण झाले. महाराष्ट्रातील सुरुवातीच्या मोठ्या मातीच्या धरणांत त्याची गणना होते. नाशिकच्या पिण्याच्या पाण्याचा तो मुख्य आधार आहे. त्याच्या वरच्या अंगाला पुढे काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणे झाली. गंगापूरच्या सांडव्यातून सोडलेले पाणी सोमेश्वरच्या धबधब्यावरून, आनंदवल्लीजवळून वाहत होळकर पुलाखाली येते आणि तेथून कुंडांच्या पट्ट्यात, म्हणजे मारुतीपाशी पोहोचते. धरण आणि मारुती यांमधील मोकळ्या पाणलोटातील पाऊस व नाल्यांचे पाणी त्यात वाटेत मिसळते. म्हणून होळकर पुलाखालचा प्रवाह धरणातून सोडलेल्या विसर्गापेक्षा अधिक असू शकतो, आणि बातम्यांत हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात.

प्रवाह क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८.३ लिटर पाणी. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर प्रत्येक सेकंदाला रिकामे होत आहेत, असे समजावे. हाच विसर्ग दिवसभर चालला तर ८६४ दशलक्ष घनफूट पाणी वाहून जाते. गंगापूर धरणाची क्षमता सध्या ५,६३० दशलक्ष घनफूट धरली जाते. याचा अर्थ दहा हजार क्युसेकने अख्खे धरण रिकामे व्हायला साडेसहा दिवस लागतील. मूळ क्षमता याहून मोठी होती. गाळ साचल्यामुळे ती घटली आहे.

प्रमुख पूर

सप्टेंबर १८७२ च्या मोठ्या पुराची नोंद ब्रिटिशकालीन नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये सापडते. विसाव्या शतकातील पुरांत सप्टेंबर १९६९ चा पूर जुन्या नाशिककरांच्या आठवणीत सर्वांत ठळक आहे. गंगापूर धरण पूर्ण होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. धरण झाले म्हणजे पूर संपला, हा समज त्याच वेळी खोटा ठरला होता, पण पुढील काळात तो पुन्हा रुजला.

त्यानंतर १९ सप्टेंबर २००८ रोजी मोठा पूर आला. या दोन पुरांमध्ये एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे. या अवधीत १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि सिडकोची वस्ती उभी राहिली, आणि गंगापूर रस्त्याच्या बाजूने शहर नदीला चिकटून पश्चिमेकडे सरकत गेले. २००१ मध्येच लोकसंख्या १०,७७,२३६ वर गेली होती. यांतील बहुसंख्य रहिवाशांनी १९६९ चा पूर पाहिलेला नव्हता. २००८ च्या पुराने भांडी बाजार, सराफ बाजार आणि काठावरील वस्त्यांचे मोठे नुकसान केले. त्यानंतर २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या दिवशी मारुती पुन्हा बुडाला. २०१६ च्या पुरात नदीकाठच्या गोदापार्कचीही हानी झाली.

१९६९ नंतर चार दशके आणि २००८ नंतर अकरा वर्षांत दोन वेळा, या अंतरावरूनच पूर वाढले असा निष्कर्ष काढता येत नाही. पावसाचे चक्र अनियमित असते, आणि मोठे पूर योगायोगानेही जवळजवळ येऊ शकतात. शिवाय मूर्ती बुडणे ही उंचीची खूण आहे. ती किती पाण्याला बुडते, हे वेगळेच गणित आहे.

उंची आणि विसर्ग

नदीच्या पुराचे वर्णन दोन प्रकारे करता येते. पाणी किती उंच चढले, म्हणजे पातळी. आणि दर सेकंदाला किती पाणी वाहत आहे, म्हणजे विसर्ग. मारुती फक्त पातळी सांगतो. पात्राचा आकार आणि उतार कायम असेल तर ठराविक विसर्गाला पाणी ठराविक उंचीपर्यंत चढते, म्हणून पातळीवरून विसर्गाचा अंदाज बांधता येतो. जलशास्त्रात प्रत्येक मोजणी केंद्रासाठी या दोहोंचा आलेख तयार केलेला असतो. पात्र बदलले की हा आलेख निरुपयोगी होतो आणि तो नव्याने काढावा लागतो.

गोदाघाटावर पात्र अनेकदा बदलले आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यांच्या तयारीत घाट वाढवले गेले, काठ बांधले गेले, कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले. पूल झाले आणि त्यांचे खांब प्रवाहात आले. बंधाऱ्यांमागे गाळ साचला. पाण्याला वाहण्यासाठी मिळणारा छेद अशा कामांनी लहान होतो, आणि तेवढ्याच विसर्गाला पाणी पूर्वीपेक्षा उंच चढते. उलट, तळ गुळगुळीत झाला तर पाणी वेगाने निघून जाते व पातळी थोडी कमीही राहू शकते. काठावरच्या घाटांनी अडथळा किती केला आणि तळाच्या काँक्रीटने वेग किती वाढवला, याची बेरीज-वजाबाकी नुसत्या नजरेने होत नाही. म्हणून ‘आजोबांच्या काळी छातीला पाणी लागले होते, तेवढेच आज लागले’ हे विधान पातळीपुरते खरे असले, तरी दोन्ही पूर सारखेच होते असे त्यावरून म्हणता येत नाही.

कुंडांच्या तळातील काँक्रीट काढावे, अशी मागणी नाशिकमध्ये बरीच वर्षे होत आहे. नदीचे नैसर्गिक झरे त्याखाली बंद झाले, उन्हाळ्यात कुंडे बाहेरून पाणी आणून भरावी लागतात, असा मागणी करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा आहे. नाशिकची २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यावर काही कुंडांतील काँक्रीट काढण्याचे, तसेच होळकर पुलाजवळच्या बंधाऱ्याला यांत्रिक दरवाजे बसवण्याचे काम हाती घेण्यात आले. ही कामे पुढे गेली म्हणजे मारुतीच्या मोजपट्टीचा अर्थ आणखी एकदा बदलणार, हे उघड आहे.

धरणाचे गणित

धरण पूर येऊ देत नाही, ही समजूत अर्धी बरोबर आहे. धरणात जागा शिल्लक असेल तेवढाच पूर ते पोटात घेऊ शकते. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरण रिकामे असते, त्यामुळे जूनमधील मुसळधार पावसाचा पूर शहराला जाणवतच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरत आलेले असते आणि तेव्हाचा प्रत्येक मोठा पाऊस जवळजवळ जसाच्या तसा खाली सोडावा लागतो. १८७२, १९६९ आणि २००८ हे तिन्ही पूर सप्टेंबरमधले आहेत, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. अर्थात १८७२ मध्ये धरण नव्हते आणि तेव्हाचा पूर निव्वळ पावसाचा होता.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. गंगापूर धरण नव्वद टक्के भरले असेल, तर साधारण ५६३ दशलक्ष घनफूट जागा उरते. वरून ४० हजार क्युसेकने पाणी येऊ लागले आणि दरवाजे बंद ठेवले, तर ही जागा चार तासांच्या आत भरून जाते. मातीच्या धरणावरून पाणी वाहू देणे म्हणजे धरण फुटण्याला निमंत्रण. त्यामुळे त्या क्षणी येईल तेवढे पाणी सोडण्याखेरीज मार्ग उरत नाही. हे टाळायचे तर पावसाचा अंदाज घेऊन आधीच थोडे थोडे पाणी सोडून जागा करावी लागते. कोणत्या तारखेला धरणात जास्तीत जास्त किती साठा ठेवावा, याचे वेळापत्रक त्यासाठी ठरवलेले असते. त्याला जलाशय परिचलन सूची म्हणतात.

अडचण अशी की हेच धरण शहराला उन्हाळ्यात पाणी पाजते. जागा करण्यासाठी पाणी सोडले आणि नंतर पावसाने दडी मारली, तर एप्रिल-मेमध्ये पाणीकपात होते. सोडले नाही आणि पाऊस कोसळला, तर सराफ बाजार बुडतो. पुरानंतर ‘पाणी आधी का सोडले नाही’ आणि टंचाईत ‘पाणी का सोडले’, असे दोन्ही प्रश्न एकाच यंत्रणेला विचारले जातात. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. मात्र ते विचारताना धरणाला दिलेली ही दोन कामे परस्परविरोधी आहेत, हे ध्यानात ठेवले जातेच असे नाही.

मारुतीला न दिसणारे पूर

शहराच्या वाढीमुळे नाशिकमध्ये असे पूर येऊ लागले आहेत, ज्यांचा मूर्तीशी काही संबंध नाही. सराफ बाजार व दहीपूल हा जुन्या नाशिकचा भाग खोलगट आहे आणि त्याच्याखालून सरस्वती नाला गोदावरीकडे वाहतो. हा नाला आता झाकलेला आहे. शहरात थोड्या वेळात जोराचा पाऊस झाला की रस्त्यांवरचे पाणी उतारावरून या भागात येते. नाल्यात ते मावत नाही आणि दुकानांत शिरते. जून २०१७ मध्ये अशाच पावसाने सराफ बाजारात पाणी भरले. जून हा धरण रिकामे असण्याचा महिना, त्यामुळे या घटनेचा गोदावरीच्या महापुराशी संबंध नव्हता.

नदीलाही पूर असेल तर हे संकट दुहेरी होते. गोदावरीची पातळी नाल्याच्या मुखाच्या वर गेली की नाल्याचे पाणी नदीत पडू शकत नाही, उलट नदीचेच पाणी नाल्यातून मागे बाजारात चढते. व्यापारी अशा वेळी माल वरच्या मजल्यावर हलवतात. दुकानाला माळा असणे ही येथे चैनीची बाब नाही.

नासर्डी (नंदिनी) नदीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती सातपूरच्या बाजूने शहराच्या मध्यातून वाहत टाकळीजवळ गोदावरीला मिळते, म्हणजे मारुतीच्या बऱ्याच खाली. तिच्या काठची वस्ती पाण्यात असतानाही मारुतीचे पाय कोरडे असू शकतात. पंचवटीतील वाघाडी (वरुणा) नदीलाही स्वतःचे पूर येतात. पूर्वी या ओढ्यांच्या पाणलोटात शेते आणि मळे होते. पावसाचा काही भाग जमिनीत मुरत असे. त्या जागी छपरे, रस्ते आणि फरसबंद अंगणे आल्यावर तेवढाच पाऊस अधिक प्रमाणात आणि लवकर ओढ्यात उतरतो. शहराच्या हद्दीत पडणाऱ्या पावसाने येणारे हे पूर धरणाच्या दरवाज्यांनी आवरत नाहीत.

पूररेषा आणि जुने नाशिक

२००८ च्या पुरानंतर जलसंपदा विभागाने शहरातील गोदावरीच्या पूररेषा आखल्या. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द दाखवते. नदी आणि निळी रेषा यांमधील भाग निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तेथे उद्याने, मैदाने यांसारखे मोकळे वापर अपेक्षित असतात. निळ्या आणि लाल रेषांमध्ये अटींवर बांधकाम करता येते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने पुष्कळ गैरसमज होतो. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, इतकेच. तीस वर्षे त्या जागी राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर एकदा तरी भोगावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. निळ्या रेषेच्या पुरासाठी हीच शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते.

पूररेषेचा सर्वांत मोठा ताण जुन्या गावठाणावर पडला. नवी वसाहत आखताना नदीपासून दूर राहता येते. जुने नाशिक मात्र नदीसाठीच वसले होते. काठावरची मातीची गढी म्हणून ओळखले जाणारे टेकाड म्हणजे येथील प्राचीन वस्तीचे अवशेष आहेत, ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले. काझीची गढी या नावानेही ते ओळखले जाते. त्यावर आज दाट वस्ती आहे, नदीकडील कडा ढासळत असते आणि प्रत्येक पावसाळ्याच्या तोंडावर रहिवाशांना स्थलांतराच्या सूचना दिल्या जातात. पर्यायी घर कोठे व किती काळासाठी, हा प्रश्न सुटत नसल्याने बहुतेक कुटुंबे तेथेच राहतात.

वाड्यांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. निळ्या रेषेच्या आत आलेले जुने वाडे लाकूड, वीट आणि मातीचे आहेत, पडायला झाले आहेत, त्यांत अनेक भाडेकरू व हिस्सेदार आहेत. पूररेषेमुळे पुनर्बांधणीला परवानगी मिळणे अवघड, आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या भाड्यात निघत नाही. पुरापासून रक्षण करण्यासाठी आखलेल्या रेषेमुळे माणसे पडक्या वाड्यांत अडकून राहतात. पावसाळ्यात वाड्याची भिंत कोसळल्याच्या बातम्या पुराच्या बातम्यांइतक्याच नियमित असतात. रेषा पुसून टाकणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण पाणी तेथे येतेच. पण रेषेच्या आतल्या माणसांचे पुनर्वसन हा पूररेषेच्या कामाचाच भाग मानला गेला नाही, ही त्यातली उणीव आहे.

इतर शहरांतील मापे

महाराष्ट्रात नदीकाठच्या इतर शहरांनाही स्वतःच्या खुणा आहेत. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत सांगितली जाते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधारा हे माप असून तेथे इशारा ३९ आणि धोका ४३ फुटांवर आहे. पुण्यात बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला की मुठेला पाणी सोडले, हे सर्वांना कळते. सांगली-कोल्हापूरची मापे आकड्यांची आहेत व प्रशासनाचे निर्णय त्यांच्याशी बांधलेले आहेत. भिडे पूल आणि दुतोंड्या मारुती या लोकांनी ठरवलेल्या खुणा आहेत. नाशिकमध्ये अधिकृत यंत्रणा होळकर पुलाखालच्या विसर्गावर लक्ष ठेवते, नागरिक मात्र मारुतीची छायाचित्रे एकमेकांना पाठवतात.

मूर्तीवरून पूर मोजण्याचे जगातील प्रसिद्ध उदाहरण पॅरिसमध्ये आहे. सीन नदीवरील आल्मा पुलाच्या खांबाशी झुआव्ह सैनिकाचा पुतळा असून १९१० च्या महापुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत चढले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुना पूल पाडून नवा बांधण्यात आला आणि पुतळा नव्याने बसवला गेला. त्यामुळे आज पाणी त्याच्या कंबरेला लागले तर ते १९१० च्या कंबरेशी ताडून पाहताना जपावे लागते. तेथील अधिकृत मोजणी ऑस्टरलिट्झ पुलापाशी होते. पॅरिसमध्ये मूर्ती हलली, नाशिकमध्ये मूर्तीभोवतीचे पात्र हलले. तुलनेतली अडचण एकच आहे.

पूर पाहणे

मारुतीभोवती पाणी चढले की होळकर पुलावर आणि घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर गर्दी जमते. पूर पाहायला जाणे हा नाशिकमध्ये जवळपास कौटुंबिक कार्यक्रम आहे. वडीलधारी माणसे मुलांना मारुती दाखवून कोणत्या वर्षी पाणी कोठे होते हे सांगतात. पोलीस दोर लावतात, ध्वनिक्षेपकावरून सूचना दिल्या जातात, विधी वरच्या पायऱ्यांवर हलवले जातात. स्थानिक जीवरक्षक सज्ज असतात, कारण पुरात उड्या मारणारे तरुणही दरवर्षी असतातच आणि त्यांतील काही परतत नाहीत. घाटावर लावलेल्या मोटारी वाहून गेल्याच्या बातम्या येतात. पाणी ओसरल्यावर मूर्तीच्या अंगावर पाणवेली, कपडे आणि प्लॅस्टिक अडकलेले दिसते.

सिंहस्थ कुंभमेळा नेमका पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात येतो. २०१५ मधील स्नानाच्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाल्या आणि २०२७ च्या पर्वण्याही याच महिन्यांत आहेत. धरण भरत आलेले असण्याचा हा काळ, आणि लाखोंची गर्दी जेथे उतरते तो रामकुंडाचा पट्टा म्हणजे मारुतीच्याच शेजारचे पात्र. या दिवसांत धरणातून किती पाणी, कोणत्या वेळी सोडायचे याचे नियोजन म्हणून गर्दीच्या नियोजनाइतकेच निकडीचे ठरते.

नाशिकमधून पुढे गेलेले पाणी तपोवन, दसक ओलांडून नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात जमते. तेथील पक्षी अभयारण्याला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. बंधाऱ्यातून सोडलेले पाणी पैठणच्या जायकवाडी धरणाकडे जाते. नाशिकचा बाजार ज्या दिवशी पाण्यात असतो, त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या वृत्तपत्रांत जायकवाडीत किती पाणी येणार याचे आकडे समाधानाने छापलेले असतात.